तीस खेळाडू, एकच पाय

मी टेलिफोन ऑपरेटर होते असं कळलं की माणूस आधी हसतो, मग आवाज खाली आणून विचारतो, "म्हणजे सगळ्यांचं बोलणं ऐकू येत असेल, नाही?" या अंकाच्या संपादकांनीही तेच विचारलं. तर एकदाचं सांगून टाकते. यायचं. आणि मी ऐकायचे. बोर्डावरची बाई ऐकत नाही असं जी सांगते ती एक तर खोटं बोलते, नाहीतर बहिरी असते, आणि बहिरीला या नोकरीत घेत नाहीत. न ऐकता कळणार कसं, की बोलणं संपलं की नाही, दोरी काढायची की ठेवायची?

दोरी म्हणजे काय, ते आजच्या मुलांना सांगायला हवं. पिंपरीत हायवेच्या कडेला आमची पंप बनवणारी कंपनी होती. तिच्या ऑफिसात, जिन्याखालच्या खोलीत, कपाटाएवढा एक लाकडी बोर्ड होता. त्यावर भोकांच्या रांगा आणि प्रत्येक भोकावर पत्र्याची एक झडप. कुणी आपल्या टेबलावरचा फोन उचलला की त्याची झडप टक्कन पडायची. मी दोरीचं एक टोक त्याच्या भोकात घालायचे, "नंबर प्लीज" म्हणायचे, आणि दुसरं टोक ज्याच्याशी बोलायचं असेल त्याच्या भोकात. बाहेरच्या लाइनी मोजक्याच. मुंबईला बोलायचं तर ट्रंक कॉल बुक करायचा आणि तो लागेपर्यंत साहेबांची बोलणी खायची. साहेबांना वाटायचं, पुण्याच्या एक्स्चेंजमध्ये माझे सासरे बसलेत आणि मीच मुद्दाम उशीर करवतेय.

दोऱ्या घालायला कुणीही शिकेल. पण चार झडपा एकदम पडल्या की कुणाला आधी घ्यायचं, कुणाला ताटकळत ठेवायचं आणि कुणाला "साहेब मीटिंगमध्ये आहेत" म्हणून वाटेला लावायचं, हे तिथल्या तिथे ठरवावं लागे. विचार करत बसलात की संपलं. चाकणचा एक कांद्याचा आडत्या होता, त्याला आठवड्यातून एकदा तरी आमचाच नंबर लागायचा. राँग नंबर आहे म्हटलं की तो म्हणे, "आसू द्या, बाई. लागलाच हाय तर सांगा, तिकडं कांदा काय भाव घेतला?" मी आदल्या दिवशी बाजारात घेतलेला भाव सांगून टाकायचे. पुढे पुढे तो मला दिवाळीला शुभेच्छा द्यायलासुद्धा राँग नंबर लावू लागला.

पण आज सांगायची ती गोष्ट कांद्याची नाही, रग्बीची आहे. हसू नका. पिंपरी-चिंचवडमध्ये त्या काळी जर्मन, स्वीडिश, इंग्रज, सगळ्या जातीचे तंत्रज्ञ येऊन राहायचे. आमच्याकडे सत्तरच्या दशकात वेल्सचे ग्रिफिथ साहेब आले होते. गोल चेहरा, लाल नाक, उन्हाळ्यात टोमॅटोसारखे दिसायचे. माणूस लाख. पंपातलं त्यांना कळायचं, पण जीव रग्बीत. त्यांच्या शेजारच्या केबिनमध्ये पर्सोनेल मॅनेजर मेजर शितोळे बसायचे. सैन्यातून निवृत्त, मिशा इस्त्री केल्यासारख्या. तेही सैन्यात रग्बी खेळलेले. दोन रग्बीवाले शेजारी आले आणि माझ्या नशिबी वनवास आला.

कारण हे दोघे भांडायचे, आणि भांडायचे ते फोनवर. मध्ये फक्त एक प्लायवुडची भिंत. उठून चार पावलं गेले असते तर भागलं असतं. पण कोणी कोणाच्या केबिनमध्ये जायचं? जो जाईल तो लहान. मेजर म्हणत, "गरज असेल तर येईल तो." ग्रिफिथ साहेबांना आपल्या लोकांची ही रीत कोणी शिकवली देव जाणे, पण ती त्यांनी चांगलीच उचलली होती. तेव्हा रोज चहाच्या वेळेला दोन झडपा एका पाठोपाठ पडत आणि माझी एक दोरी अर्धा तास अडकून राही. भिंतीतून दोघांचे आवाज एकमेकांना तसेही ऐकू जात असणार.

भांडणाचा विषय एकच. वर्ल्ड क्लास फ्लाय-हाफ कोणाला म्हणावं?

रग्बी मला समजली तेवढी सांगते. दोन्हीकडे पंधरा-पंधरा गडी. चेंडू अंड्यासारखा. तो हातात घेऊन पळायचं आणि समोरच्यांच्या रेषेपलीकडे नेऊन टेकवायचा. हाताने फेकायचा तर फक्त मागे. पुढे धाडायचा असेल तर लाथच मारायची. मधून मधून दोन्हीकडचे आठ-आठ दांडगे एकमेकांत डोकी घालून रेटारेटी करतात, चिखलात रुतलेला ट्रक दोन्ही बाजूंनी ढकलावा तशी. त्या पायांच्या जंगलातून चेंडू मागे निघतो, एक जण तो उचलतो आणि फेकतो दहा नंबरच्या गड्याकडे. हा फ्लाय-हाफ. अंगावर माणसं धावून येत असतात आणि याने तेवढ्यात ठरवायचं असतं, स्वतः पळू, दुसऱ्याला देऊ, की लाथ मारून पुढे धाडू.

ग्रिफिथ साहेब म्हणत, वर्ल्ड क्लास तोच, जो पळतो. समोरच्याला वाटलं पाहिजे की हा डावीकडे गेला आणि गडी उजवीकडून निघून गेला पाहिजे. दर वेळी लाथ मारणारा फ्लाय-हाफ म्हणजे कारकून, आलेला कागद पुढे ढकलणारा. मेजर म्हणत, हा नाच आहे, खेळ नाही. फ्लाय-हाफ म्हणजे सेनापती. लाथ मारून चेंडू शत्रूच्या मुलुखात टाकायचा आणि लढाई तिकडे न्यायची. मग दोघे आपापल्या जुन्या खेळाडूंची नावं एकमेकांच्या अंगावर फेकत. त्या गड्यांचे गुडघे कधी दुखावले, लग्नं कुठे झाली, सगळं मला पाठ झालं होतं. मी मध्ये बोलले की, "साहेब, मुंबईचा ट्रंक आहे," तर ग्रिफिथ साहेब म्हणत, "थांब सुमन. आधी तू सांग, पळणारा की मारणारा?" मी म्हणे, "साहेब, मला लाइन मोकळी करणारा."

एवढ्यावर राहिलं असतं तर बरं होतं. पण ग्रिफिथ साहेबांनी कामगारांची टीम काढली, आणि दिघीच्या लष्करी मैदानावर जवानांच्या टीमशी दसऱ्यानंतरच्या रविवारी सामना ठरवला. आता दहा नंबर कोण, हा प्रश्न गप्पांचा राहिला नाही.

दोन गडी होते. एक बबन गावडे, चाकणकडचा शेतकऱ्याचा मुलगा, प्रेस शॉपमधला पर्मनंट कामगार. कबड्डीत चढाईला गेला की तेल लावल्यासारखा निसटायचा. ग्रिफिथ साहेब त्याच्यावर फिदा. दुसरा यशवंत साळवे, मेंटेनन्समधला टेंपररी इलेक्ट्रिशियन. माझा बोर्डही तोच दुरुस्त करायचा, मला ताई म्हणायचा. घर दिघीत, लष्कराच्या तारेच्या कुंपणाला लागून. लहानपणी जवानांचा चेंडू तारेबाहेर आला की ही पोरं तो लाथ मारून परत आत धाडायची. जो नीट मैदानाच्या मधोमध पोचवेल त्याला हवालदार शक्करपाळा द्यायचा. यशवंत म्हणे, "ताई, मी शक्करपाळ्यावरच वाढलोय." त्याची लाथ म्हणजे मोजून-मापून. मेजर त्याच्यावर फिदा.

आणि इथेच खरी मेख होती. त्या काळी कंपन्या खेळाडूंना नोकरीत कायम करायच्या. मेंटेनन्समध्ये एक जागा रिकामी होती. ग्रिफिथ साहेबांनी शिफारस करायची, मेजरनी सही करायची, की यशवंत पर्मनंट. नाही झालं तर दिवाळीनंतर त्याला ब्रेक. ब्रेक म्हणजे काही महिने झाले की टेंपररी माणसाला घरी बसवायचं, म्हणजे त्याचा हक्क लागत नाही, आणि मग वाटलं तर पुन्हा नव्याने घ्यायचं. हे काम मेजर शितोळे इतक्या सफाईने करायचे, की माणसाला आपण बाहेर कधी पडलो तेच कळू नये. पण बिचाऱ्यांची पंचाईत बघा. खुर्ची म्हणत होती, बबनला दहा नंबर करा, एक जागा वाचेल. रग्बी म्हणत होती, साळवे. आणि मेजर रग्बीसाठी स्वतःच्या खुर्चीशी बेइमान व्हायला निघाले होते.

यशवंताला जागा का हवी होती, तेही सांगते. दापोडीची मुलगी सांगून आली होती, दोघांनी एकमेकांना पसंत केलं होतं. पण मुलीचे वडील स्वतः कंपनीतले. त्यांनी सांगून ठेवलं होतं, "पोरगा चांगला हाय, पण टेंपररीला मी पोरगी देनार न्हाई. दिवाळीपर्यंत बघतो, मग दुसरीकडं दाखवतो." यशवंत एरवी अखंड बडबड करणारा, स्वतःच्या विनोदाला स्वतःच आधी हसणारा. हे सांगताना मात्र त्याने पकड हातातल्या हातात फिरवत ठेवली. मी त्या दिवसापासून मनातल्या मनात मेजरच्या बाजूची झाले, आयुष्यात पहिल्यांदा.

खंडेनवमीला आमच्याकडे सगळी यंत्रं पुजायची. लेथ, प्रेस, क्रेन, सगळ्यांना झेंडूच्या माळा, हळद-कुंकू. माझ्या बोर्डालाही मी हार घालायचे. त्या वर्षी टीमच्या पोरांनी चेंडूही पुजला. बरोबरच आहे, खेळाडूचं हत्यार ते. ग्रिफिथ साहेबांनी गावाहून या सामन्यासाठी खास मागवलेला कोरा चामड्याचा चेंडू होता. फाउंड्रीतले तात्या मिस्त्री पूजेतले जाणकार. चामड्याला तेल चांगलं, म्हणून त्यांनी तेलात शेंदूर कालवला आणि चेंडूवर हा एवढा मोठा ओम काढला. साहेबांनी हात जोडले, नारळ फोडला, प्रसाद खाल्ला. यशवंताने दिव्यांची माळ लावून दिली आणि बाजूला उभा राहिला. "आमी बौद्ध, ताई. पूजा करत न्हाई. पेढ्याशी मात्र आपलं काय भांडण न्हाई," म्हणून त्याने दोन उचलले.

रविवारी कंपनीची बस भरून आम्ही दिघीला गेलो. फ्लाय-हाफचा निकाल अजून लागला नव्हता. दोघे साहेब बसमध्येही वेगवेगळ्या टोकाला बसले होते. मैदानात उतरल्यावर ग्रिफिथ साहेबांनी ऐटीत थैलीतून चेंडू काढला, बबनपुढे ठेवला आणि म्हणाले, "मार एक, अंग मोकळं कर."

बबन दोन पावलं मागे सरला. चेंडूवर तेलाने मुरलेला ओम उन्हात चमकत होता.

"न्हाई जमायचं, सायेब."

"काय झालं?"

"पुजलाय त्यो. पुजलेल्या वस्तूला लाथ?"

मी भाषांतर करायला पुढे झाले, पण माझ्याही अंगावर काटा आला. खरंच की! आमच्या कुणाच्या डोक्यात हे आधी कसं आलं नाही? साहेबांनी दुसऱ्या गड्याकडे बघितलं, त्याने कान धरले. तिसऱ्याने तर चेंडूला नमस्कारच केला. मेजर गरजले, "अरे, मग काल उत्तरपूजा का नाही केली?"

"उत्तरपूजा केली म्हनून गनपतीला लाथ मारता व्हय?" बबन म्हणाला.

यशवंत म्हणाला, "रॉकेलनं पुसून देऊ का?"

"ओम रॉकेलनं पुसतो? त्यापरीस लाथ मारलेली बरी!" बबन उसळला.

जवानांकडून दुसरा चेंडू मागावा, तर त्यांच्या स्टोअरची किल्ली ज्या हवालदाराकडे, तो दसऱ्याच्या रजेवर गावी. तेवढ्यात त्यांच्या टीमचा कॅप्टन, एक सुभेदार, काय गडबड आहे बघायला आला. त्याने चेंडू हातात घेतला, ओम बघितला, कपाळाला लावला आणि आपल्या टीमकडे घेऊन गेला. सगळे मराठा गडी. परवाच त्यांनी बंदुका पुजलेल्या. सुभेदार परत आला तो चेंडू दोन्ही हातांत प्रसादाच्या ताटासारखा धरून. म्हणाला, "आमच्यातबी कोन पाय लावायला तयार न्हाई."

सामन्याला कर्नलसाहेब बायको-मुलांसह येऊन बसलेले. रेफ्री घड्याळ बघतायत. रग्बी सुरूच होते ती लाथेने. ग्रिफिथ साहेबांचं तोंड असं झालं होतं की मला हसावं की रडावं कळेना. आणि मग सगळ्यांच्या माना एकाच वेळी यशवंताकडे वळल्या.

बबनच पुढे झाला. "येशा, तुला चालतंय न्हवं?"

यशवंत हसला. "मला चालतंय. नंतर तुमाला चालंल का, ते आत्ताच बघा."

"चालंल की! मार तू. आमी काय म्हननार न्हाई."

रेफ्रींनी दोन्ही कॅप्टनना बोलावलं आणि जगात कुठे झाला नसेल असा निवाडा दिला. पायाने करायची सगळी कामं दोन्ही टीमसाठी साळवे करेल. तीस खेळाडू, पाय एकाचाच. बाकी रेटारेटीत चेंडू टाचेने मागे काढायचा असतो, तो लोक हाताने काढू लागले तरी रेफ्री आकाशातल्या घारी बघत राहिले.

अशा रीतीने यशवंत साळवे दहा नंबर झाला. ना ग्रिफिथ साहेबांनी निवडला, ना मेजरनी. जवानांनी खेळ सुरू करायची पाळी आली, की हा त्यांच्या बाजूला जाऊन लाथ मारे आणि मग जीव तोडून पळत आमच्या बाजूला येऊन तोच चेंडू झेलायला उभा राही. लोक हसून हसून लोळत होते. कर्नलसाहेबांच्या बाई मला विचारत होत्या, "हा नक्की कुणाचा?" पण त्याची लाथ बघून हसणारे हळूहळू गप्प झाले. आमचे गडी दमले की तो चेंडू लांब कोपऱ्यात नेऊन टाकी आणि जवानांना मागे पळावं लागे. त्यांच्याकडे त्याला उत्तरच नव्हतं. मेजर प्रत्येक लाथेला ग्रिफिथ साहेबांकडे बघून मिशीवरून हात फिरवत. साहेब म्हणत, "कारकून! कारकून!" पण आवाजातला जोर जात चालला होता.

जवानांनी एकदा चेंडू रेषेपलीकडे टेकवला. असं केलं की वर एक बक्षिसाची लाथ मिळते, चेंडू दोन खांबांच्या मधून घालवला तर जादा गुण. त्यांच्यासाठी ती मारणार कोण? आमचाच यशवंत. आमच्या बाजूने एकच कालवा उठला. "चुकव रे! यशा, चुकव!" तात्या मिस्त्री तर देवाधर्माचे, पण तेही ओरडत होते, "वाकडी मार लेका!" यशवंताने चेंडू मातीत ओम वरच्या बाजूला येईल असा नीट उभा केला, ओमवर पाय पडू नये म्हणून असेल. चार पावलं मागे गेला. आणि चेंडू खांबांच्या बरोब्बर मधून गेला.

मग बबन सुटला. काय पळाला! दोघांना चकवून, तिसऱ्याच्या हातात नुसता शर्टाचा कोपरा ठेवून त्याने चेंडू टेकवला. आता आमची लाथ. मी देव पाण्यात घालून बसले. यशवंत मागे गेला, पळत आला, मारली. आणि मधूनच वारं उठलं की काय झालं, चेंडू खांबाला लागून बाहेर पडला.

त्याच गुणांनी आम्ही हरलो.

बसमध्ये एकेकाला कंठ फुटला. त्यांची घालवली आणि आपलीच चुकली होय? दिघीचाच तो, मिळालेला असणार जवानांना. कुणीतरी त्याच्या समाजावरूनही बोललं, इथे लिहिण्यासारखं नाही. घर दिघीतच असूनही टीमबरोबर निघालेला यशवंत खिडकीबाहेर बघत बसला होता. मी खवळून उठणार तोच बबन उठला.

"गप बसा रं! लाथ माराया आपली सगळ्यांची पाचावर धारन बसली हुती. त्यानं मारली, आन् आता त्यालाच शिव्या? आन् त्या पोरानं त्यांची मुद्दाम चुकवली आसती, तर उद्या तुमी त्याच्यावर इश्वास ठेवला आसता का?"

मी यशवंताला विचारलं, "तू का नाही रे चुकवलीस? तुझी जागा होती ना त्यात?"

तो म्हणाला, "ताई, चुकवायला गेलो आसतो तर पायच उचलला नसता. मला मारायला येतंय, चुकवायला न्हाई येत." आणि मग बस दापोडी ओलांडून गेल्यावर म्हणाला, "जाऊ द्या. गेली जागा."

सोमवारी चहाच्या वेळेला दोन झडपा पडल्या. मी दोरी घातली आणि कान टवकारून बसले. बोलणं इंग्रजीत, सार मराठीत सांगते. ग्रिफिथ साहेब म्हणाले, "शितोळे, मी हरलो. तो कारकून नाही. मी माझी शिफारस लिहून पाठवतोय. कर सही."

मला वाटलं, मेजर आनंदाने उडी मारतील. पण सोमवारी मेजर पुन्हा खुर्चीत बसले होते. म्हणाले, "ग्रिफिथ, आपण सामना हरलो आहोत. त्याच्याच लाथेने. कंपनी काय म्हणेल? दिवाळीनंतर त्याला रीतसर ब्रेक देऊ. मग पुढच्या वर्षी बघता येईल."

पुढच्या वर्षी! तोवर ती मुलगी दुसऱ्याच्या घरी नांदत असती. माझा संताप झाला. आणि त्याच क्षणी मुंबईच्या लाइनची झडप पडली. हेड ऑफिसमधून आमचे मोठे साहेब स्वतः बोलत होते. "सुमन, शितोळेंना द्या. दिघीच्या कर्नलसाहेबांचा मला फोन आला होता. आपल्या कुठल्या तरी खेळाडूचं फार कौतुक करत होते. कोण आहे तो, विचारायचं आहे."

नियम असा की चालू बोलण्यात आधी आपण शिरायचं, "साहेब, मुंबईहून मोठे साहेब आहेत," असं सांगायचं, आणि मग जोडायचं. सांगितलं असतं, तर मेजर सावरून बसले असते. घसा खाकरून म्हणाले असते, "हा एक टेंपररी मुलगा आहे सर, विशेष काही नाही." इकडे ग्रिफिथ साहेब त्यांना टोचत होते, "शितोळे, कंपनी राहू दे बाजूला. शिपाईगडी म्हणून खरं सांग. कसा आहे तो?"

मी कुणालाही काहीही न सांगता मोठ्या साहेबांची दोरी आत घातली.

मेजर म्हणाले, "शिपाईगडी म्हणून? ग्रिफिथ, मी एवढी वर्षं सैन्यात काढली. शत्रूसाठी सरळ लाथ मारणारा माणूस मी पाहिला नाही. वर्ल्ड क्लास. लिहून देतो मी."

"कोणाबद्दल बोलताय, शितोळे?" मोठे साहेब म्हणाले.

मेजरची खुर्ची करकरून मागे सरकल्याचं मला कानातल्या यंत्रात ऐकू आलं.

"सर! ते... साळवे, सर. मेंटेनन्समधला."

"हाच तो, कर्नलसाहेबांचा. छान. आपल्याकडे पर्मनंट आहे ना?"

मेजर शितोळ्यांना ठरवायला किती वेळ मिळाला असेल? श्वास घेण्याएवढा. एका बाजूला ग्रिफिथ, एका बाजूला मोठे साहेब, पळायला जागा नाही.

"येस सर," मेजर म्हणाले. "आजपासून."

दुपारी माझ्या दारात मेजर शितोळे उभे. इतक्या वर्षांत ते जिन्याखाली कधी आले नव्हते. मिशी तशीच कडक.

"सुमनबाई, ट्रंक आला की आधी सांगायची पद्धत आहे."

"हो साहेब. पण तुम्ही इतकं मनापासून बोलत होतात, मला मध्ये तोडवेना."

माझी नोकरी जाते की राहते, हे त्यांच्या डोळ्यांत बघत मी उभी राहिले. ते म्हणाले, "ऑर्डर टाइप करायला दिली आहे," आणि वळले. वळता वळता थांबून म्हणाले, "पण ग्रिफिथला सांगा, सामना लाथेनेच झाला. पळण्याने नाही." ते सांगायला स्वतः ग्रिफिथच्या केबिनमध्ये जातील तर शपथ.

संध्याकाळी यशवंत आला. हातात तो कागद होता, घडी घालून घालून त्याला चुण्या पडल्या होत्या. एरवी दारातूनच बडबड सुरू करणारा मुलगा, त्याने तो नुसता माझ्यापुढे धरला. वाचता वाचता मला रडूच कोसळलं. तेवढ्यात बोर्डावरची एक झडप उगाचच लटलट हलायला लागली. सकाळपासूनच ती ढिली झाली होती. मी डोळे पुसत म्हटलं, "यशवंता, एवढी बघतोस का रे?"

त्याने वाकून बघितली, बोटाने दाबून सरळ केली.

"उद्या करतो, ताई," तो म्हणाला. "उद्या बी हाय मी."